दोन चाप, एक बोट

बंदुकीच्या दोन्ही नळ्यांतून एकदम बार उडाले आणि जोविता स्वानेरा दोन पावलं मागे रेटला गेला.

नेमासाठी हवेत फेकलेल्या मातीच्या दोन्ही चकत्या आपल्या वाटेनं शांतपणे उडत गेल्या आणि खालच्या चेस्टनटच्या झाडांत उतरल्या. धूर विरला. जोविताने बंदूक बिजागरीपाशी मोडून उघडली, दोन्ही रिकामी काडतुसं बाहेर काढली, हातात धरून पाहिली आणि मान न वळवता म्हणाला, "ऑर्नेला."

काडतुसांची टोपली घेऊन उभी असलेली त्याची धाकटी सून पुढे आली.

"मी पुढचा चाप ओढला. फक्त पुढचा. मागचा आपोआप सुटला. डाव्या घोड्याला अडवून धरणारी खाच उथळ घासली आहेस तू."

हे त्यानं अंगणातल्या सगळ्यांच्या देखत सांगितलं. थोरला मुलगा फाउस्तीनो फेकयंत्राजवळ होता, धाकटा बात्तिस्ता ऑर्नेलाच्या मागेच होता, ब्रेशाहून रविवारपुरती आलेली मुलगी नीवेस भिंतीला टेकून सफरचंद खात होती. सळ्यांवर भाजत असलेलं मांस सोडून त्याची बायको एर्मेलिना तेवढी हलली नाही. सकाळी सातपासून ती चुलीसमोर बसली होती आणि दुपारी एकपर्यंत तिला तिथून कोणी उठवू शकलं नसतं. पण तिचा लोण्याचा कुंचला हवेत थांबला.

शिकारीचा हंगाम पुढच्या रविवारी उघडणार होता. ही दुनळी जनावरांचे डॉक्टर तोनोली यांची. ते एक वाजता जेवायला येणार होते आणि जाताना बंदूक घेऊन जाणार होते. स्वानेरांच्या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बंदुकीची पहिल्या दोन बारांची जोडी जोविता स्वतः उडवायचा. एक्केचाळीस वर्षांत एकही बंदूक त्या जोडीत नापास झाली नव्हती.

"मी पाहते," ऑर्नेला म्हणाली आणि बंदूक घेऊन कारखान्यात गेली.

कारखाना म्हणजे घराच्याच मागची लांब खोली. तिनं पकडीत बंदुकीचा मधला भाग घट्ट बसवला, स्क्रू काढले, बाजूची पट्टी उचलली आणि डोळ्याला भिंग लावलं. भिंग तिच्या वडिलांचं. ते शेजारच्या दरीत घड्याळं दुरुस्त करायचे. बात्तिस्ता दारात येऊन उभा राहिला.

"तू काही बोलला नाहीस," ती भिंगातूनच म्हणाली.

"काय बोलणार? आवाज सगळ्यांनी ऐकला. एकच आला."

"नवरा आहेस का साक्षीदार?"

बात्तिस्ता हसला, मग हसणं बरोबर नाही हे लक्षात येऊन थांबला. "खाच कशी आहे?"

"आरशासारखी. ये, बघ."

त्यानं पाहिलं. मग तिनं पट्टी परत बसवली, नळ्यांत पितळेची खोटी काडतुसं घातली आणि पुढचा चाप ओढला. टक. उजवा घोडा पडला. आता फक्त डावा चढलेला होता. तिनं लाकडी हातोडीनं दस्त्यावर बाराच्या धक्क्याएवढा दणका घातला. डावा घोडा जागच्या जागी. पुन्हा दणका. पुन्हा. वीस वेळा ठोकून झाल्यावर तिनं हातोडी खाली ठेवली.

"खाच ठीक आहे," ती म्हणाली. पण आवाजात जेवढी खात्री हवी होती तेवढी नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिला या पकडीसमोर उभं करणारा माणूस बाहेर उभा होता, आणि तो खाच वाईट म्हणत होता.

फाउस्तीनो हातात मोटारीची किल्ली घेऊन आत आला.

"मी काय म्हणतो, डॉक्टरांना या हंगामापुरती कपाटातली जुनी दुनळी देऊ. ही मी उद्या गार्दोनेला घेऊन जातो. तिथे एक म्हातारा आहे, चापांचंच काम करतो. तो बघेल."

"म्हणजे काय बघेल?"

"बघेल गं. दुसरी नजर."

"सरळ म्हण ना, भावजी. बाईनं घासलेल्या चापावर भरवसा नाही."

"मी असं म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस. तू गाडी काढतोस."

फाउस्तीनोने किल्ली खिशात टाकली. त्याला वाद घालायला आवडायचं, पण ऑर्नेलाशी वाद घातला की आपण कुठे हरलो हे त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं खरंच विरोध केला होता. आपल्या घरातली बाई चापाला हात लावणार, गिऱ्हाईक काय म्हणेल, असं तो तेव्हा जेवणाच्या टेबलावर ओरडला होता. गिऱ्हाईक काहीच म्हणालं नाही. उलट चापाची तक्रार घेऊन परत येणाऱ्या बंदुका बंद झाल्या. हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तक्रारींची पत्रं तोच उघडायचा. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

"चल," तो एकदम म्हणाला. "मी उडवून बघतो. मला काय, मी कोणाच्याच बाजूचा नाही."

"तू नेहमी बाबांच्या बाजूचा असतोस," बात्तिस्ता म्हणाला.

"आणि तू नेहमी जेवणाच्या बाजूचा. यंत्र ओढायला चल."

तिघं अंगणात आले. जोविता अक्रोडाच्या झाडाखालच्या बाकावर हात खिशात घालून बसला होता. फाउस्तीनोने काडतुसं भरली, बंदूक खांद्याला लावली आणि ओरडला, "सोड!"

दोन चकत्या उडाल्या. धाड. धाड. पहिली फुटली, दुसरी निसटली.

"सोड!"

धाड. धाड. दोन्ही फुटल्या. आठ जोड्या त्यानं उडवल्या. मग ऑर्नेलाने चार उडवल्या, जरा घाईघाईनं, मुद्दाम चापाला खाटकन ओढ देत. प्रत्येक वेळी दोन आवाज, मध्ये श्वासभर अंतर.

फाउस्तीनो बंदुकीकडे बघत राहिला, मग वडिलांकडे वळला. "बाबा, बंदूक ठीक आहे."

"ठीक आहे?"

"बारा जोड्या झाल्या. एकदाही नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं कोण म्हणतंय?"

"तू म्हणतोयस. थोरला मुलगा. दे इकडे."

जोविता उठला. शहात्तर वर्षांचा माणूस, पण बंदूक हातात आली की पाठ ताठ व्हायची. त्यानं काडतुसं भरली, डावा पाय पुढे टाकला. आता फेकयंत्राशी बात्तिस्ता होता, फाउस्तीनो आणि ऑर्नेला मागे उभे होते. नीवेस मात्र सफरचंदाचा गाभा टाकायला कोंबड्यांच्या जाळीपर्यंत गेली होती, बरोबर वडिलांच्या उजव्या हाताला.

"सोड!"

एकच दणका. जोविता पुन्हा मागे हेलपाटला. या वेळी फाउस्तीनोने त्याला पाठीमागून धरलं.

"पाहिलंत?" जोविता म्हणाला. "पाहिलंत ना?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळे चकत्यांकडे बघत होते, तशी नेहमीचीच सवय. नीवेसला चकत्यांत काडीचा रस नव्हता. ती गणिताची मास्तरीण, आयुष्यात तिनं एकही चकती फोडली नव्हती, आणि ती वडिलांच्या हाताकडे बघत होती. चापांभोवतीच्या लोखंडी कडीत त्यांची दोन बोटं होती. पहिलं बोट पुढच्या चापावर आणि मधलं बोट मागच्यावर.

तिला आधी वाटलं आपलाच काहीतरी घोटाळा होतोय. ती दहा वर्षांची असताना तिनं बंदुकीच्या कडीत दोन बोटं घातली होती तेव्हा याच माणसानं लाकडी पट्टीनं तिच्या बोटांवर मारलं होतं. या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराला बोलायच्या आधी हे शिकवलं जायचं: चाप दोन, बोट एक. रायफलवाल्यासारखं दाबत बसायचं नाही, बोटाच्या पुढच्या गादीनं खाटकन ओढायचं. मग मनगट जरासं मागे सरकवायचं आणि तेच बोट मागच्या चापावर न्यायचं. दोन बोटं घातलीस तर धक्क्यानं हात आवळतो, दुसरं बोट आपोआप ओढलं जातं आणि दोन्ही नळ्या तुझ्या खांद्यावर एकदम येतात. हे सगळं तिला प्रार्थनेसारखं पाठ होतं.

ऑर्नेला बादली घेऊन पंपाशी गेली तशी नीवेस तिच्या मागे गेली.

"वहिनी, तुझा चाप चांगला आहे."

"मला माहीत आहे. निदान अर्ध्या तासापूर्वी माहीत होतं."

"बाबा दोन बोटं घालतात."

ऑर्नेलाने पंपाचा दांडा सोडला. "कोण?"

"बाबा. मी पाहिलं. मधलं बोट आत."

"शक्यच नाही."

"मी पण तेच म्हटलं. पण ते बाहेर काढेपर्यंत मी बघत होते. त्यांना पहिलं बोट सरळच करता येत नव्हतं. दुसऱ्या हातानं ओढून काढलं त्यांनी." नीवेसचे डोळे चमकत होते. तिला भांडण सुटल्याचा आनंद झाला होता. "जा, सांग सगळ्यांना. फाउस्तीनोचा चेहरा मला बघायचाय."

ऑर्नेलाने बादली अर्धी भरली, ओतून दिली, पुन्हा भरली. "आईंना विचारू," ती म्हणाली.

एर्मेलिना सळ्यांवरच्या बटाट्यांवर आणि डुकराच्या मांसावर लोणी सोडत होती. मध्ये मध्ये सेजची सुगंधी पानं करपत होती आणि सगळ्या अंगणाला त्याचा वास लागला होता. दोघी येऊन दोन्ही बाजूंना बसल्या तेव्हा तिनं दोघींकडे एकदा पाहिलं.

"आई," नीवेस म्हणाली, "बाबांचं बोट..."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग आपणच सांगून बसलो हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं कुंचला जोरात भांड्यात बुचकळला. "फेब्रुवारीपासून चाललंय. सकाळी उठतो तेव्हा बोट हुकासारखं वाकलेलं असतं. मी कोमट पाण्यात धरते आणि सरळ करते. कट असा आवाज येतो. दिवसा पण अडकतं. कोणाला सांगायचं नाही म्हणून मला मारियामातेची शपथ घातलीय."

"डॉक्टरांकडे न्यायचं ना!"

"डॉक्टरांचं नाव काढलंस तर घर सोडून जाईन म्हणाला."

"कुठे जाणार?"

"तेच मी विचारलं. म्हणाला, तुझ्या बहिणीकडे." एर्मेलिनाने सळी फिरवली. "माझी बहीण त्याला उंबऱ्यावर उभं करणार नाही, एवढं त्याला पण माहीत आहे."

नीवेस हसत सुटली. ऑर्नेलाला हसू आलं नाही. झाडाखाली म्हातारा एकटाच बसला होता, बंदूक मांडीवर, हात पुन्हा खिशात.

जोविताला पहिल्या दणक्याला खरोखरच वाटलं होतं की खाच वाईट आहे. दुसऱ्या बोटाची युक्ती त्यानं जूनमध्ये शोधली होती आणि तेव्हापासून तीन बंदुका त्यानं तशाच पास केल्या होत्या, काही झालं नव्हतं. त्या तिन्हींचे चाप जरा जड होते. डॉक्टरांना हलका चाप हवा होता आणि ऑर्नेलाने तो हलका करून दिला होता, अगदी मागितला तेवढा. दुसरा दणका बसला तेव्हा हे सगळं त्याला कळलं होतं. "पाहिलंत ना?" असं तो ओरडला ते कळल्यानंतर. त्याचीच त्याला जास्त लाज वाटत होती.

ऑर्नेला येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. 

"किती जणांना माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"आई, नीवेस, मी."

"नीवेसला माहीत आहे म्हणजे संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे जाणार."

"तिला मी गप्प बसवते. डॉक्टरांना सांगू की खाच जरा उथळ होती, मी पुन्हा घासली. दहा मिनिटांचं काम होतं, झालं."

जोविताने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "खाच तर चांगली आहे."

"आहेच."

"मग असं का सांगणार?"

"मी शिकत होते तेव्हा माझ्या पहिल्या सतरा खाचा भंगारात गेल्या. तुम्ही ते लोखंडी तुकडे रुमालात बांधून मेल्ला नदीत टाकल्यात. भावजींना अजून वाटतं चारच गेल्या."

जोविताच्या नाकातून एक आवाज आला. मग खांदे हलायला लागले. "सतरा नाही. एकोणीस," तो म्हणाला. "दोन मी तुलाही सांगितल्या नाहीत. तू रडली असतीस."

"मी रडले नसते."

"तेराव्या खाचेला रडलीस."

"डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता!"

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. डॉक्टर तोनोली आले. दोघं उठली, आणि काय ठरलं हे कोणीच बोलून नक्की केलं नाही.

जेवण अंगणातच होतं. मक्याच्या पिठाची पिवळीधमक पोलेंता लाकडी पाटावर ओतली गेली, तिच्यावर सळ्यांवरचं मांस आणि वितळलेलं लोणी. डॉक्टर गोल, लालबुंद, हसरा माणूस. सकाळीच एका अडलेल्या गाईची सुटका करून आले होते आणि ते तपशीलवार सांगत होते, एर्मेलिना "जेवताना नको" म्हणत असताना. पहिली ताटं संपली आणि त्यांनी हात पुसले.

"मग? माझी नवरी तयार आहे का?"

फाउस्तीनो खाकरला. खरं म्हणजे सकाळच्या बारा जोड्यांनंतर त्याचं मन ऑर्नेलाच्या बाजूला झुकलं होतं, पण गिऱ्हाइकाशी बोलणं त्याचं काम, आणि वडिलांनी नापास केलेली बंदूक तो कशी देणार? "डॉक्टर, त्याचं असं आहे की डाव्या चापात थोडा..."

"माझी चूक आहे," ऑर्नेला म्हणाली. "खाच मी..."

"खोटं आहे!" बात्तिस्ता उभाच राहिला. खुर्ची मागे पडली. सगळे, आणि सर्वात जास्त ऑर्नेला, त्याच्याकडे बघायला लागले. "मी स्वतः भिंगातून पाहिली. वीस वेळा ठोकली तिनं. बाबा, तुम्ही काही म्हणा, मला घराबाहेर काढा, पण तो चाप चांगला आहे. हे मी सकाळीच म्हणायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतंस," जोविता म्हणाला. "बस खाली. खुर्ची उचल आधी."

त्यानं काटा बाजूला ठेवला आणि उजवा हात टेबलावर, पोलेंताच्या पाटाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेवला. पहिलं बोट वाकलेलं होतं. त्यानं ते सरळ करायचा प्रयत्न केला. हललं नाही.

"हे बघा. हे बोट अडकतं, मागच्या चापावर जात नाही. म्हणून मी दोन बोटं घातली."

फाउस्तीनोच्या हातातला पाव खाली आला. "दोन?"

"दोन."

"कडीत?"

"मग काय नाकात? कडीत, दोन बोटं. ज्यासाठी मी तुम्हा तिघांना पट्टीनं मारलं, तेच. आणि दोन्ही बार माझ्या खांद्यावर एकदम बसले, तेव्हा मी दोष या मुलीला दिला. पहिल्यांदा दिला तो न कळून. दुसऱ्यांदा कळून दिला." तो ऑर्नेलाकडे वळला. हे वाक्य त्याला अवघड जात होतं. "अंगणात सगळ्यांसमोर दिला, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माफ कर."

ऑर्नेलाने मान हलवली. तिनं मनगटानं डोळे पुसले, आणि या वेळी डोळ्यात लोखंडाचा कीस गेला नव्हता.

"मला सहा पट्ट्या बसल्या होत्या," फाउस्तीनो अजून तिथेच अडकला होता. "सहा!"

"मला एकच," नीवेस म्हणाली. "पण मी लक्षात ठेवलीय."

डॉक्टर तोनोली केव्हाच उठून जोविताच्या बाजूला आले होते. त्यांनी ते बोट आपल्या जाड हातात धरलं, तळव्याशी बोटाच्या मुळाला अंगठ्यानं दाबलं. कट. बोट सुटलं.

"इथे गाठ आहे. बोट ओढणाऱ्या स्नायूच्या दोरीला वाट अरुंद झालीय, म्हणून अडकतं," ते म्हणाले. "मी गाईगुरांचा डॉक्टर, पण एवढं कळतं. शहरातल्या इस्पितळात जा, एवढीशी चीर देतात, महिन्याभरात पुन्हा काम करशील. आणि या दुखण्याला नाव काय आहे सांगू?"

"काय?"

"चापाचं बोट."

आधी बात्तिस्ता हसला, मग नीवेस, मग फाउस्तीनो, आणि एर्मेलिना इतकी हसली की तिला ॲप्रनला डोळे पुसावे लागले. जोविता गंभीरपणे बोटाकडे बघत होता.

"एक्केचाळीस वर्षं चाप ओढले," तो म्हणाला, "त्याची ही परतफेड." मग तोही हसला.

"मंगळवारी मी नेतो तुम्हाला," फाउस्तीनो म्हणाला. "गाडी काढायला मी आहेच." हे शेवटचं त्यानं ऑर्नेलाकडे बघून म्हटलं, आणि थोडं थांबून, ग्लासात वाइन ओतता ओतता, कोणाकडेही न बघता पुढे म्हणाला, "आठ वर्षांत चापाची एकही तक्रार आलेली नाही, वहिनी. पत्रं मी उघडतो. सांगायचं राहून गेलं होतं."

"राहून गेलं होतं?"

"बरं, सांगितलं नव्हतं."

डॉक्टर खुर्चीवर परत बसले नाहीत. "हे सगळं छान झालं, पण माझी बंदूक पास झाली का नाही? पहिली जोडी उडाल्याशिवाय घरातून बाहेर जात नाही ना ती?"

जोविता उठला. भिंतीला टेकवलेली दुनळी त्यानं डाव्या हातानं उचलली, उघडली, नळ्यांतून आकाश बघितलं आणि टेबलाला वळसा घालून ऑर्नेलासमोर धरली.

"मी?"

"मग कोण? चाप तुझा, आणि चालणारं बोटही तुझंच."

ती हात पुसत उठली. बात्तिस्ता यंत्राकडे पळाला. जोविता तिच्या उजव्या बाजूला, अगदी जवळ उभा राहिला, तिचं पहिलं बोट कडीबाहेर सरळ आहे का ते बघत. बाकीचे चकत्यांकडे बघायला तयार होते.

"सोड!"

पहिली चकती वर चढता चढताच धुळीचा ढग झाली. मनगट मागे सरकलं, बोट मागे गेलं, दुसरा बार निघाला, आणि दुसरी चकती अख्खीच्या अख्खी चेस्टनटच्या झाडांत गेली.

"अरेरे!" डॉक्टर म्हणाले.

"खांदा थांबवलास!" जोविता ओरडला. "बार काढताना थांबायचं नाही, चकतीबरोबर फिरत राहायचं, किती वेळा सांगितलं! घाई नको, आणि..."

"बाबा," ऑर्नेलाने बंदूक मोडून उघडली. दोन्ही काडतुसं उडून गवतात पडली. "चाप कसा होता?"

जोविता थांबला. त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं, टेबलावरच्या माणसांकडे पाहिलं, चुलीपाशी उभ्या असलेल्या एर्मेलिनाकडे पाहिलं आणि तिलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "उत्तम. चाप उत्तम आहे."

आणि गवतातून काडतुसं उचलायला तोच वाकला.